पिसांचा गोल्फ चेंडू हाताने कसा भरायचा

टॉम मॉरिसला आज आपण मैदान राखणारा आणि चार वेळा ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा जिंकणारा खेळाडू म्हणून ओळखतो. पण स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावात चेंडू बनवणाऱ्या ॲलन रॉबर्टसनच्या हाताखाली तो आधी चेंडू भरायला शिकला. त्याच पद्धतीने एखादा चेंडू करून पाहायचा असेल तर एक गोष्ट आधी पक्की करा: कातडं आणि पिसं, दोन्ही ओली असतानाच भरायची. वाळताना कातडं आक्रसतं, आतली पिसं फुलतात आणि त्या ताणातून चेंडूला टणकपणा येतो. पिसं कोरडी भरलीत, तर कितीही ठासलीत तरी चेंडू लेचापेचाच राहतो.

बैलाचं कातडं तुरटीच्या पाण्यात भिजवून मऊ करा. रांपीने तीन तुकडे कापा: मधली एक पट्टी आणि दोन बाजूंना दोन गोल. जाडी सगळीकडे सारखी हवी, कारण पातळ बाजू भरताना फुगते आणि गोलाई बिघडते. मेण लावलेल्या दोऱ्याने उलट्या बाजूने जवळजवळ टाके घाला. पाव इंचाएवढं तोंड मोकळं ठेवा आणि तिथूनच पिशवी उलटवून शिवण आत घ्या. तोंड मोठं ठेवायचा मोह होतो, पण मग शेवटी ते बंद करताना कडा फाटते.

आता खरं कष्टाचं काम. हंसाची पिसं उकळून घ्या, माप टॉप हॅट, म्हणजे उंच साहेबी टोपी, भरून. एवढा ढीग दीड इंचाच्या चेंडूत जाईल यावर विश्वास बसत नाही, पण तो जातो. पिशवी खोलगट साच्यात धरा आणि पिसं थोडी थोडी लोखंडी दांड्याने आत ढकला. दांड्याच्या वरच्या टोकाला आडवं लाकूड असतं. ते छातीला टेकवून अंगाचा सगळा भार द्यायचा, नुसत्या मनगटाने हे होत नाही. दांडा आत जाईनासा झाला की चांभाराची टोकदार आरी घ्या आणि एकेक चिमूट पीस सरकवा. इथे घाई केली की आत पोकळी राहते आणि तो चेंडू सरळ जात नाही. मग तोंड शिवून टाका.

वाळत असताना हातोडीने हलके ठोकत गोल करा. पुरता वाळल्यावर पांढऱ्या रंगाचे तीन हात द्या, प्रत्येक हात वाळू देऊन. हा रंग पाणी अडवण्यासाठीच असतो. ओल शिरली की चेंडू जड होतो, टाके कुजतात आणि एका फटक्यात शिवण उसवते. लोखंडी क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठीचा, घाव चुकीच्या जागी बसला तरी कातडं चिरतं.

कोरडी पिसं हाताळताना नाकातोंडावर कापड बांधाच. बंद खोलीत वर्षानुवर्षं ही धूळ श्वासात घेऊन कारागिरांची फुप्फुसं खराब होत.

कसलेल्या हातालाही दिवसाला तीन-चारच चेंडू जमत, त्यामुळे ते महाग पडत. १८४८च्या सुमारास गट्टा-पर्चाचे, म्हणजे एका झाडाच्या चिकाचे, चेंडू आले आणि हा धंदा बसला. तो चीक गरम पाण्यात मऊ करायचा, हाताने वळायचा आणि थंड पाण्यात टाकायचा. मात्र गुळगुळीत चेंडू हवेतून लवकर खाली येई. खेळून ओरखडे पडले की तोच चेंडू चांगला उडे, म्हणून पुढे कारागीर नव्या चेंडूवरच हातोडीने खाचा पाडू लागले.