कोकण किनाऱ्यावर घोड्यांचे कुरण आणि आवार कसे राखावे

अलिबाग, काशीद वा मुरूडकडे घोडे पाळणाऱ्याने आवाराची डागडुजी मृगापूर्वीच उरकावी, कारण एकदा पाऊस धरला की सखल जागेतला चिखल महिनोन्महिने वाळत नाही. फाटक, पाण्याची टाकी आणि गव्हाण यांभोवती माती उकरून खडी व त्यावर जाड रेती पसरावी आणि पाणी वाहून जाईल असा चर काढावा. सतत ओलीत उभ्या राहणाऱ्या घोड्याचे खूर रोज उचलून साफ करावेत; तळव्यातील मऊ त्रिकोणी भागालगतच्या खाचेत काळा, चिकट, दुर्गंधीयुक्त स्राव दिसला, तर खूर कुजू लागल्याचे समजून पशुवैद्यकाला बोलवावे.

कुंपणाला काटेरी तार मुळीच नको. बिथरलेला घोडा तीत पाय अडकवून स्नायूपर्यंत फाडून घेतो. कुंपणाकडेची कण्हेर आणि घाणेरी मुळासकट काढावी. कण्हेरीची वाळलेली पानेही विषारीच असतात, त्यामुळे छाटलेल्या फांद्या आवारात टाकू नयेत. नारळाखाली घोडा बांधू नये, हे सांगायला नको.

चारा वालुकामय जमिनीवर टाकल्यास त्यासोबत रेती पोटात जाऊन पोटशूळ उठतो, म्हणून तो गव्हाणीतच द्यावा. बुरशी धरलेला पेंढा, कितीही शिल्लक असला तरी, फेकावा. लीद आठवड्यातून दोनदा उचलल्यास कुरणातील जंतांच्या अळ्या कमी होतात.