अतिवृष्टीचे अनुदान: पंचनामा ते खाते, पैसा कुठे अडकतो?

उभ्या सोयाबीन-कापसात पाणी साचले की पहिले काम चर काढून पाणी बाहेर काढायचे. पंचनाम्याची वाट बघत पीक कुजवू नका. फक्त त्याआधी मोबाइलचे लोकेशन चालू ठेवून, बांध किंवा विहीर दिसेल असे चार-पाच फोटो काढून ठेवा.

महसूल मंडळात (काही गावांचा मिळून महसुली गट) २४ तासांत ६५ मि.मी.पेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. पण मंडळ यादीत आले म्हणून प्रत्येक शेताला पैसे मिळत नाहीत. त्या शेताचे नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असावे लागते. पंचनाम्यात ३० टक्के लिहिले गेले तर हाती काहीच येत नाही. म्हणून तलाठी आणि कृषी सहायक येतील त्या दिवशी शेतात हजर राहा. पिकाचे नाव, गट क्रमांक, बाधित क्षेत्र आणि टक्केवारी या चार गोष्टी वाचल्याशिवाय सही करू नका.

२०२२-२३ ते २०२५-२६ साठी ठरलेले आपत्ती निधीचे दर हेक्टरी असे आहेत: जिरायत ८,५०० रुपये, बागायत १७,००० आणि बहुवार्षिक फळपिके २२,५०० रुपये. मूळ मर्यादा २ हेक्टरची. राज्य सरकार वेळोवेळी शासन निर्णय काढून दर किंवा मर्यादा वाढवते, तेव्हा त्या हंगामाचा निर्णय पाहूनच हिशेब करा. हिशेब सोपा आहे. जिरायतीचा एक आर (हेक्टरचा शंभरावा भाग) म्हणजे ८५ रुपये, बागायतीचा १७०. १ हेक्टर २० आर जिरायत सोयाबीन पूर्ण बाधित असेल तर १०,२०० रुपये. यादीत तुमच्या हिशेबापेक्षा कमी दिसले तर क्षेत्र कापले आहे किंवा बागायत शेत जिरायतीत गेले आहे. हा दुसरा घोळ बहुधा ई-पीक पाहणीत (मोबाइल अॅपवरची पिकाची नोंद) विहीर किंवा बोअर न नोंदवल्याने होतो.

शेतात ३ इंचांपेक्षा जास्त गाळ साचला असेल, तर अल्प व अत्यल्पभूधारकांना तो काढण्यासाठी हेक्टरी १८,००० रुपये आणि जमीन खरडून वाहून गेली असेल तर ४७,००० रुपये अशी वेगळी मदत आहे. पिकाच्या पंचनाम्यात ही बाब आपोआप येत नाही, ती वेगळी लिहून घ्यावी लागते. नदीकाठच्या गावांत नेमके हेच राहून जाते.

मंजुरीनंतर यादी लागते. त्यात तुमच्या नावापुढे विशिष्ट क्रमांक असतो. तो आणि आधार कार्ड घेऊन सेवा केंद्रात जा. अंगठा देण्याआधी पडद्यावरचे नाव, क्षेत्र, रक्कम तपासा. काही चुकीचे असेल तर संमती न देता तिथेच तक्रार नोंदवा; ती तहसीलदारांकडे जाते. एकदा अंगठा दिला की दुरुस्तीसाठी तहसीलच्या फेऱ्या सुरू होतात. पावती जपून ठेवा. शेतकरी ओळख क्रमांक असणाऱ्यांना २०२५ मध्ये या अंगठ्याच्या पडताळणीतून (ई-केवायसी) सूट दिली होती; यंदा ती लागू आहे का, हे तलाठ्याला विचारा.

इतके होऊनही पैसे न येण्याचे नेहमीचे कारण बँकेत असते. खात्याला आधार जोडलेले असणे वेगळे आणि ते खाते थेट लाभासाठी आधारशी संलग्न असणे वेगळे. दोन-तीन बँकांत खाती असतील तर शेवटी संलग्न झालेल्या खात्यातच रक्कम जाते, आणि शेतकरी मात्र जुने पासबुक भरून बघत राहतो. आधारच्या संकेतस्थळावर आपल्या क्रमांकापुढे कोणती बँक दिसते ते आधी पाहा. ते खाते बंद पडले असेल तर चालू खात्याच्या शाखेत संलग्नतेचा अर्ज द्या.

सामाईक सातबारा असेल तर इतर खातेदारांचे संमतीपत्र आत्ताच तयार ठेवा. खातेदार वारलेला असेल तर वारस नोंदीचा फेरफार आधी करून घ्या, कारण मृताच्या नावे आलेली रक्कम तशीच पडून राहते. बँकेने अनुदान थकीत कर्जात वळते केले तर शाखेत लेखी हरकत द्या. अशी वळती करू नये, असे मदतीच्या शासन निर्णयांतच लिहिलेले असते. पीक विम्याची भरपाई वेगळी असते, त्यामुळे विमा काढला म्हणून पंचनामा टाळू नका.