होडीतील बॅटरी पुढे हलवताना: जागा, वायर आणि फ्यूज

चौदा फुटी फायबरच्या होडीत पेट्रोलचे इंजिन, टाकी आणि चालवणारा माणूस हे सारे वजन मागे असते. त्यातच १०० अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी, म्हणजे आणखी २५ ते ३० किलो, मागेच ठेवली की होडी मागून बसते आणि नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वर उचलली जाते. नाळेवर १२ व्होल्टची विद्युत मोटर बसवलेली असेल, तर तिची बॅटरी पुढे नेणे योग्यच ठरते. मात्र ती अगदी टोकाला ठेवू नये, कारण लाटांचे आपटणे तिथेच सर्वांत जोरात जाणवते. पुढच्या बाकाखालची जागा मला अधिक योग्य वाटते. बॅटरी ट्रेमध्ये ठेवून पट्ट्याने घट्ट आवळावी आणि हाताने जोरात हलवून पाहावी. लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, म्हणून ती बंदिस्त कप्प्यात कोंडू नये. इंजिनच्या स्टार्टरची बॅटरी वेगळी असेल तर ती मागेच राहू द्यावी, कारण स्टार्टर फार मोठा प्रवाह ओढतो.

एखाद्याला बॅटरी मागेच ठेवून केवळ वायर पुढे न्यायची असेल, तर वायरच्या जाडीचा हिशेब आधी करावा. मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअर घेते आणि अंतर साडेतीन मीटर आहे असे धरले, तर वीज जाऊन येऊन ७ मीटर प्रवास करते. १० चौरस मिलीमीटरच्या तांब्याच्या वायरीत एवढ्या अंतरात सुमारे ०.६ व्होल्ट, म्हणजे ५ टक्के विद्युत दाब (व्होल्टेज) वाया जातो आणि वायर तापते. २५ चौरस मिलीमीटरच्या वायरीत हीच घट साधारण पाव व्होल्ट होते. जाड वायरीचे पैसे वाचवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

वायर टिनचा मुलामा दिलेली, अनेक बारीक तारांची घ्यावी, कारण साधे तांबे खाडीच्या खाऱ्या हवेत हिरवे पडून जोडाशी कुजते. लग, म्हणजे वायरच्या टोकाला बसणारे धातूचे जोडतुकडे, क्रिम्पिंगच्या योग्य हत्याराने दाबून बसवावेत आणि त्यावर आतून चिकट असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसणारी नळी) चढवावी. केवळ डाख देऊन केलेला जोड कंपनाने तुटू शकतो.

बॅटरीच्या धन टोकापासून साधारण १८ सेंटीमीटरच्या आत ६० अँपिअरचा फ्यूज किंवा ब्रेकर अवश्य बसवावा. दोन मोटरी असल्यास प्रत्येकीला स्वतंत्र फ्यूज द्यावा. होडी अ‍ॅल्युमिनियमची असली तरी तिचे अंग ऋण वायर म्हणून कधीही वापरू नये, कारण त्याने धातू झिजतो. जोडताना आधी धन आणि शेवटी ऋण, तर सोडवताना आधी ऋण, हा क्रम पाळावा. शेवटी होडी पाण्यात असताना मोटर पूर्ण वेगात चालवून बॅटरीपाशी आणि मोटरपाशी मल्टिमीटरने दाब मोजावा. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर प्रत्येक जोड हाताने चाचपून गरम लागणारा जोड नव्याने करावा.