गोव्यातील सेडानसाठी आफ्टरमार्केट एअर इनटेक कसा निवडावा

एअर इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारा फिल्टर आणि पाइप, बदलून बाहेरच्या निर्मात्याचा (आफ्टरमार्केट) बसवायचे मनात आले की बहुतेक जण आधी दुकानात चौकशी करतात किंवा ऑनलाइन भाव पाहू लागतात. माझ्या मते पहिले काम वेगळे आहे. कंपनीने दिलेला इनटेक तुमच्या इंजिनाची हवा खरोखर किती अडवतो हे घरच्या घरी मोजता येते, आणि ते मोजल्याशिवाय या कामावर एक रुपयाही खर्च करू नये.

चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांमागे एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा ओढते. १.५ लिटरचे इंजिन ६००० आरपीएमवर मिनिटाला जास्तीत जास्त सुमारे ४५०० लिटर, म्हणजे सेकंदाला ७५ लिटर हवा घेते. ही हवा ग्रिलमागच्या तोंडातून एअरबॉक्समध्ये, म्हणजे फिल्टरच्या पेटीत, तिथून फिल्टरमधून आणि मग रबरी पाइपातून थ्रॉटल बॉडीपर्यंत, म्हणजे अॅक्सिलरेटरने उघडमिट होणाऱ्या झडपेपर्यंत, पोहोचते, आणि वाटेत प्रत्येक टप्प्यावर तिचा दाब थोडा थोडा कमी होतो. आफ्टरमार्केट इनटेक वाचवू शकतो तो एवढाच दाब. पणजी ते म्हापसा अशा रोजच्या ये-जा करण्यात पेट्रोल गाडीचा थ्रॉटल बहुतांश वेळ अर्ध्याहून अधिक मिटलेला असतो, म्हणजे हवा मुद्दाम तिथेच अडवलेली असते; तेव्हा फिल्टरने अडवलेल्या हवेचा हिशेब नगण्य ठरतो. म्हणूनच इनटेक बदलून मायलेज वाढेल, ही आशा पेट्रोल गाडीच्या मालकाने ठेवू नये. जो काही फायदा व्हायचा तो पूर्ण थ्रॉटलवर आणि चढ्या आरपीएमवरच होतो.

मोजण्यासाठी मत्स्यपेटीला वापरतात तशी तीन-चार मीटर पारदर्शक नळी, एक मीटरभर लाकडी पट्टी आणि मोजपट्टी एवढेच साहित्य लागते. नळी पट्टीवर इंग्रजी यू अक्षराच्या आकारात बांधावी आणि निम्मी पाण्याने भरावी. पाणी स्पष्ट दिसावे म्हणून मी त्यात कोकमाच्या आगळाचे दोन थेंब टाकतो. नळीचे एक टोक उघडे ठेवावे. दुसरे टोक फिल्टरच्या पुढे, म्हणजे स्वच्छ हवेच्या बाजूला, जोडायचे असते. बहुतेक गाड्यांमध्ये इंजिनाची वाफ परत नेणारी एक रबरी नळी फिल्टर आणि थ्रॉटल यांच्यामधल्या पाइपाला येऊन मिळते. तिच्यात टी-जॉइंट घालून आपली नळी जोडता येते. येथे एक चूक मुळीच करू नये. थ्रॉटलच्या पलीकडे, इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या पाइपांना) लागलेल्या नळीला हे जोडू नये, कारण थ्रॉटल मिटलेला असताना तेथील निर्वात अनेक मीटर पाणी खेचू शकेल इतका असतो आणि नळीतले सगळे पाणी क्षणात इंजिनात जाईल.

नळी खिडकीतून आत घ्यावी, पट्टी शेजारी बसलेल्याच्या हाती द्यावी आणि पहाटेच्या मोकळ्या, सरळ चढावर दुसऱ्या गिअरमध्ये, वेगमर्यादा सांभाळून, पूर्ण थ्रॉटल द्यावा. गाडी चालवणाऱ्याने पट्टीकडे पाहायचे नाही. नळीच्या दोन बाजूंमधील पाण्याच्या पातळीत जास्तीत जास्त किती फरक पडला, हे शेजाऱ्याने टिपून घ्यावे.

हा आकडा वाचणे सोपे आहे. पाण्याचा १० सेंटीमीटरचा स्तंभ म्हणजे जवळजवळ एक किलोपास्कल, आणि समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. म्हणजे १० सेंटीमीटरच्या फरकामागे हवेचा साधारण एक टक्का हरवतो. समजा फरक २० सेंटीमीटर आला आणि इंजिन १२० पीएसचे (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवर) आहे. तर संपूर्ण इनटेक काढून टाकला आणि वाटेत काहीच अडथळा उरला नाही, तरीही मिळकत दोन-अडीच पीएसच्या वर जाणार नाही. प्रत्यक्षातला कोणताही इनटेक यातला काही भागच परत देईल. खोक्यावर दहा-पंधरा पीएसचा दावा छापलेला असेल, तर टर्बो नसलेल्या अशा गाडीसाठी तो मानू नये. मोजणी आधी जुन्या फिल्टरसह आणि मग नव्या कागदी फिल्टरसह करावी, कारण गाडी मंदावल्याची तक्रार पुष्कळदा काही शे रुपयांच्या नव्या फिल्टरनेच मिटते.

एवढे करूनही इनटेक घ्यायचा असेल, तर बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला, मूळ एअरबॉक्समध्येच बसणारा सपाट फिल्टर. दुसरा, एअरबॉक्स काढून बॉनेटखालीच आखूड पाइपावर बसवलेला शंकूच्या आकाराचा फिल्टर. आणि तिसरा, लांब पाइप खाली बंपरच्या कोपऱ्यात नेऊन थंड हवा घेणारा इनटेक, ज्याला कोल्ड एअर इनटेक म्हणतात.

दुसऱ्या प्रकाराचा आवाज मन जिंकतो, हे मी नाकारत नाही. मूळ इनटेकमध्ये आवाज गिळण्यासाठी ठेवलेला रेझोनेटर निघून जातो आणि इंजिनाचा श्वास स्पष्ट ऐकू येऊ लागतो. पण असा इनटेक लावलेली गाडी मी एका एप्रिलच्या दुपारी रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीबोटीच्या रांगेत उभी केली होती. ओबीडी रीडरवर, म्हणजे गाडीच्या संगणकाचे आकडे दाखवणाऱ्या उपकरणावर, आत जाणाऱ्या हवेचे तापमान पाहत बसलो होतो. बाहेरची हवा ३५ अंशांच्या आसपास असताना तो आकडा चढत चढत ६५ अंशांपर्यंत गेला. ३५ अंशांच्या तुलनेत ६५ अंशांची हवा सुमारे नऊ टक्के विरळ असते, आणि तापलेल्या हवेत इंजिन ठोकू नये, म्हणजे पेट्रोल आपोआप पेटून ठकठक होऊ नये, म्हणून संगणक ठिणगीही मागे खेचतो, म्हणजे ती उशिरा टाकतो. फेरीतून उतरून चोडणच्या चढाला लागल्यावर गाडी जड वाटली ती त्यामुळेच. फिल्टरने वाचवलेला एक टक्का आणि उष्णतेने नेलेले नऊ टक्के, हा व्यवहार आपल्या हवामानात परवडणारा नाही. हा प्रकार घ्यायचाच असेल तर फिल्टरभोवती बंद पेटी असावी, ती बॉनेटच्या आतल्या बाजूला रबरी पट्टीने नीट टेकावी आणि तिला बाहेरची हवा आणणारे स्वतंत्र तोंड असावे. नुसता उभा केलेला पत्र्याचा आडोसा पुरेसा नसतो. मूळ एअरबॉक्सकडे नीट पाहिले तर ध्यानात येते की कंपनीने नेमके हेच करून दिलेले आहे.

तिसरा प्रकार कोरड्या प्रदेशात उत्तम असतो. गोव्यात मात्र मी तो घेऊ नका असेच सांगेन. जून ते सप्टेंबर येथे पडणारा पाऊस, भरतीच्या वेळी कोसळलेल्या सरीत पणजीतील मळा भागात साचणारे पाणी आणि खाजनाच्या, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, कडेने जाणारे सखल रस्ते, या सगळ्यांत बंपरच्या कोपऱ्यातील फिल्टर सर्वांत आधी बुडतो. दुकानातच टेप घेऊन जमिनीपासून फिल्टरच्या तळापर्यंतची उंची मोजावी आणि मूळ तोंडाच्या उंचीशी ताडून पाहावी. चालत्या गाडीपुढे पाण्याची लाट उठते आणि समोरून बस आली तर ती आणखी उंच होते, हेही धरावे. १.५ लिटरच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरचे आकारमान ३७५ मिलिलिटर असते, आणि दाबगुणोत्तर, म्हणजे पिस्टन खाली आणि वर असतानाच्या जागांचे प्रमाण, १० धरले तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर उरणारी जागा केवळ ४२ मिलिलिटरच्या आसपास भरते. म्हणजे अर्धा कप चहाइतके पाणीही पिस्टनला वाटेतच थांबवायला पुरते, कारण पाणी दाबले जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. काही इनटेकसोबत हवा आत घेणारी बायपास झडप मिळते. तिने धोका कमी होतो, पण लाटेचे पाणी झडपेपर्यंतच चढले तर ती निरुपयोगी ठरते. गाडी पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नये.

आता धूळ. सावर्डे, कुडचडे, डिचोली किंवा धारबांदोड्याकडे ज्यांची रोजची वाट आहे, त्यांना खनिज वाहतुकीची आणि जांभ्याची बारीक लाल धूळ सांगायला नको. हवा जास्त सोडणारा फिल्टर धूळही जास्त सोडत नाही ना, हा खरा प्रश्न आहे. म्हणून निर्माता आयएसओ ५०११ या मानकानुसार केलेल्या चाचणीत धूळ अडवण्याचे प्रमाण किती टक्के सांगतो हे पाहावे. जो फक्त हवेच्या प्रवाहाचाच आकडा सांगतो, त्याचा फिल्टर बाजूला ठेवावा. तेल लावलेले सुती फिल्टर धुऊन वर्षानुवर्षे वापरता येतात, पण ते धुतल्यावर सावलीत पूर्ण वाळावे लागतात. आपल्या पावसाळी दमट हवेत त्याला एक रात्र पुरत नाही, आणि कॉम्प्रेसरची हवा मारून घाई केली तर सुताची वीण फाकते. शिवाय तेल जास्त झाले तर ते उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसते. कोरड्या कृत्रिम धाग्याचे फिल्टर ही तेलाची कटकट ठेवत नाहीत, म्हणून आपल्याकडे मी त्यांनाच पसंती देतो. नामांकित ब्रँडच्या नकला सर्रास मिळतात. कडेचे रबर एकसारखे मऊ आहे का, घड्या सरळ आणि समान अंतरावर आहेत का, हे बोटाने चाचपून पाहावे.

सेन्सरचा मुद्दा किचकट आहे, पण तो टाळून चालत नाही. ज्या गाडीत मास एअर फ्लो सेन्सर असतो, तिथे एक तापलेली बारीक तार जवळून वाहणाऱ्या हवेने किती थंड होते त्यावरून संगणक हवेचे वस्तुमान ठरवतो. हा हिशेब मूळ पाइपाच्या व्यासावर बेतलेला असतो. ६० मिलिमीटरच्या जागी ७० मिलिमीटरचा पाइप बसवला तर आतले क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढते, तितक्याच हवेचा वेग तारेजवळ घटतो, संगणकाला हवा कमी दिसते आणि तो पेट्रोल कमी सोडतो. ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे तो चूक सावरू पाहतो. मात्र पूर्ण थ्रॉटलवर, जेव्हा अचूकतेची सर्वाधिक गरज असते, तेव्हाच ही सावरासावर सर्वांत दुबळी असते. म्हणून सेन्सर बसतो तेथील आतला व्यास मूळ पाइपाइतकाच आहे ना, हे कॅलिपरने मोजून घ्यावे. ज्या गाडीत फक्त मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर असतो, तिला व्यासाचा हा त्रास होत नाही.

टर्बो सेडानमध्ये इनटेकचा उपयोग थोडा जास्त जाणवू शकतो, पण तिथे संगणक ठरवलेल्या टॉर्कपाशीच थांबतो, त्यामुळे ट्यूनिंगशिवाय, म्हणजे संगणकातील ही मर्यादा बदलल्याशिवाय, मोठी अपेक्षा धरू नये. टर्बोची पाती मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या फिरतात. फिल्टरच्या फटीतून गेलेली रेती त्यांच्या कडा झिजवते. अशा गाडीत फिल्टर नीट बसण्याचे महत्त्व दुप्पट आहे. डिझेल सेडान असेल तर सपाट फिल्टरच्या पुढे जाऊच नये.

कायद्याचेही पाहावे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे पडतील असा बदल मालकाला करता येत नाही. मूळ एअरबॉक्समधला बदली फिल्टर ही देखभालीची बाब आहे, तर संपूर्ण इनटेक, त्याचा आवाज आणि धूर हे प्रदूषणाच्या आणि ध्वनीच्या नियमांत तपासले जाऊ शकतात. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा, इंजिन संरक्षणाचे जादा कवच आपल्या पॉलिसीत आहे का ते पाहावे, आणि वॉरंटी चालू असेल तर आधी सर्व्हिस सेंटरचे उत्तर लेखी घ्यावे.

बसवून घेताना मेकॅनिकजवळ स्वतः उभे राहावे. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत साध्या लोखंडी क्लिपा एका पावसाळ्यात गंजतात, म्हणून सगळ्या क्लिपा स्टेनलेस स्टीलच्या मागाव्यात; अॅल्युमिनियमच्या पाइपापेक्षा चांगले प्लॅस्टिक किंवा सिलिकॉन बरे. पाइप बॅटरीला किंवा बॉनेटला घासत नाही ना, हे इंजिन चालू ठेवून आणि गचकन रेस देऊन पाहावे. मग ओबीडी रीडरवर फ्युएल ट्रिमचे, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो वा घटवतो त्याचे, आकडे घ्यावेत. ते उणे-अधिक पाच टक्क्यांच्या आत असतील तर ठीक. दहाच्या पुढे गेले किंवा पी०१७१ हा (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत असल्याचा) कोड दिसला तर कुठेतरी हवा गळत आहे किंवा व्यास चुकला आहे.

पाचशे किलोमीटर झाल्यावर फिल्टरच्या पुढचा पाइप सोडून आतून पांढऱ्या सुती फडक्याने पुसावा. फडके पांढरे राहिले तर काम चोख झाले आहे. त्यावर तांबूस रेघ उमटली तर ती आपली जांभ्याची धूळ आहे आणि ती इंजिनात जात आहे. मग रबराच्या कडेला ग्रीसचा पातळ हात देऊन फिल्टर पुन्हा बसवावा, आणखी शंभर किलोमीटरनी फडके पुन्हा फिरवावे, आणि तरीही रेघ आली तर तो फिल्टर काढून टाकावा. मूळ एअरबॉक्स, त्याच्या क्लिपा आणि एक नवा कागदी फिल्टर पिशवीत बांधून माळ्यावर जपून ठेवावा. ज्यांनी खाली जाणारा इनटेक आधीच लावलेला आहे, त्यांनी मे संपण्याआधी अर्धा तास काढून तो मूळ एअरबॉक्स परत चढवून घ्यावा.