निवासी गृहातल्या मोठ्या माणसांना दिवाळीची भेट : दीडशे रुपयांत, पण ज्याची त्याला आवडेल अशी

निवासी गृहात राहणाऱ्या बौद्धिक दिव्यांग माणसांना दिवाळीला काय द्यावं असं विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. टेडी द्या, रंगपेटी द्या, सगळ्यांना एकेक टॉवेल द्या. ज्याला टेडी द्यायला निघालात तो माणूस ४८ वर्षांचा आहे. त्याला दाढी येते, गुडघे दुखतात आणि बायकांसमोर बनियनवर यायला त्याला लाज वाटते. गृहातले कर्मचारी प्रेमानं त्यांना ‘आमची मुलं’ म्हणतात, तेवढं सोडून द्या. पण भेट घेताना त्यांचं खरं वय डोळ्यांसमोर असू द्या.

माझा धाकटा भाऊ लातूरजवळच्या अशाच एका गृहात राहतो. तिथल्या २६ जणांची दिवाळी दरवर्षी आम्ही चार-पाच घरं मिळून करतो. माणशी दीडशे रुपयांच्या वर आम्ही कधी गेलो नाही, जायची गरजही पडली नाही.

१. दसऱ्यालाच सुरुवात करा

दसरा ते लक्ष्मीपूजन हे वीस दिवस पुरतात. धनत्रयोदशीला सुचलं तर पैसे द्या आणि गृहालाच खरेदी करू द्या.

२. आधी परिचारिकेशी बोला

कुणाला साखर आहे, कुणाला फिट येते, कुणाला गिळायला त्रास होतो, कोण दिसेल ते तोंडात घालतं, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. गिळण्याचा त्रास असेल त्याला शेंगदाण्याचा चिवडा किंवा कडक चकली देऊ नका. कुंथलगिरीचा पेढा चालेल की नाही, तेही विचारूनच ठरवा. तोंडात घालायची सवय असेल तर सुटे मणी, लोहचुंबक आणि कापूर दूर ठेवा. कापूर पोटात गेला तर फिट येऊ शकते. बटनासारखा चपटा सेल सगळ्यात वाईट. तो घशात अडकला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. गाणारी शुभेच्छापत्रं आणि बरीच लुकलुकणारी खेळणी याच सेलवर चालतात, म्हणून आमच्या यादीत ती नाहीतच.

३. काय हवं ते विचारा

माझी पहिली दोन वर्षं इथंच वाया गेली.

पहिल्या वर्षी मी विचारलंच नाही. लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत गेले आणि निळे टॉवेल घाऊक भावात आणले, सगळे एकसारखे. पहिल्या धुण्यातच कुणाचा कुठला ते कळेनासं झालं, आणि माझा भाऊ दोरीवरचे सगळे टॉवेल एकेक करून हुंगत बसला.

दुसऱ्या वर्षी शहाणी होऊन विचारायला गेले. “मफलर आवडेल का?” “हो.” पुढच्याला विचारलं, “हो.” २६ जण, २६ हो. मी खुशीत मफलर आणले. संक्रांतीपर्यंत त्यातले चारच कुणाच्या तरी गळ्यात होते, बाकीचे कपाटात. तिथल्या मावशी मला म्हणाल्या, “ताई, तुमी काय बी इचारा, ते हो म्हणतेत. न्हाई म्हणल्यावर आजवर कुणी ऐकलंय व्हय त्यांचं?”

संस्थेत जन्म काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ‘हो’ म्हटलं की समोरचा खूश होतो आणि प्रश्न संपतो. खात्री करायची असेल तर थोड्या वेळानं उलटं विचारा, “मफलर नको ना?” पुन्हा ‘हो’ आलं तर दोन्ही उत्तरं सोडून द्या.

मग ‘हे की ते’ विचारा, असा सल्ला मिळतो. तोही अर्धाच कामाचा. “लाल की निळा?” “निळा.” पाच मिनिटांनी विचारा, “निळा की लाल?” “लाल.” बऱ्याच जणांच्या कानात शेवटचा शब्द राहतो आणि तोच परत येतो. हे त्याला आवडलं म्हणून आपण यादीत लिहितो आणि दुकानात जातो.

आता मी असं करते. दोन खऱ्या वस्तू नेते. फोटो नेत नाही, कारण फोटोतला टॉर्च आणि हातातला टॉर्च एकच आहे हे सगळ्यांना उमगत नाही. दोन्ही वस्तू टेबलावर हातभर अंतरानं ठेवते, “तुमच्यासाठी, एक घ्या” एवढंच म्हणते आणि गप्प बसते. मनात सावकाश दहापर्यंत मोजायचं. हे दहा आकडे फार जड जातात, मध्ये बोलावंसं वाटतं, तरी बोलायचं नाही. आणि आपण स्वतः वस्तूंकडे बघायचं नाही, कारण आपली नजर जिकडे जाते तिकडे त्यांचा हात जातो. मग जागा बदलून पुन्हा ठेवायच्या. दोन्ही वेळा तीच वस्तू उचलली तर दुसऱ्या दिवशी एकदा बघायचं, आणि तेव्हाही तीच उचलली तर यादीत लिहायचं. वस्तू बदलत राहिली तर दोन्ही रद्द करून नवी जोडी न्यायची. दोन्ही ढकलून दिल्या तर ते ‘नाही’ आहे, आणि अशा ठिकाणी ते क्वचितच ऐकायला मिळतं, म्हणून त्याचा मान ठेवा. एक हात चालत नसेल तर तो माणूस नेहमी चालत्या हाताजवळची वस्तू उचलणार. त्याच्यासमोर वस्तू शेजारी-शेजारी न ठेवता एक जवळ आणि एक लांब ठेवा, मग अदलाबदल करा.

हे चाललेलं असताना पाठीमागं उभं राहून “सांग की रे, निळा सांग” म्हणणारं कुणीतरी असतंच. त्यांना चहाला पाठवा.

बोलता येत नाही आणि वस्तूकडे लक्षही जात नाही, अशा माणसाला शिवायला, हुंगायला काहीतरी द्या. सुती, लोकर, साटीन असे कपड्याचे तीन तुकडे हातात देऊन बघा. ज्यावरून बोटं हटत नाहीत तो लक्षात ठेवा. आमच्या एका काकूंना असंच दोन वर्षं काय द्यावं कळत नव्हतं. शेवटी घोंगडीचा हातभर तुकडा कडा शिवून दिला. तो अजून त्यांच्या मांडीवर असतो.

कर्मचाऱ्यांना जरूर विचारा, पण “यांना काय आवडतं?” असं विचारू नका. त्याचं उत्तर “सगळंच आवडतं” हेच येतं. “भांडणं कशावरून होतात?” आणि “उशीखाली काय काय सापडतं?” असं विचारा. खरी यादी तिथं असते. एका भाऊंच्या उशीखाली गंजलेल्या, कशालाच न लागणाऱ्या तीन किल्ल्या निघाल्या. मी त्यांच्यासमोर नवं कुलूप आणि रेडिओ ठेवला. रेडिओ महाग होता आणि आपल्याला वाटतं, गाणी तर सगळ्यांनाच आवडतात. त्यांनी तिन्ही वेळा कुलूप उचललं. साठ रुपयांचं कुलूप, त्याच्या दोन किल्ल्या आणि कुणाच्या तरी माळ्यावरची जुनी पत्र्याची पेटी. इतक्या वर्षांत दिलेल्या भेटींत मला तीच सगळ्यात चांगली वाटते. एक किल्ली कार्यालयात ठेवायला विसरू नका.

४. खरेदी

यादी तयार असली की एका दुपारचं काम. आमच्याकडे पुन्हा पुन्हा निवडल्या गेलेल्या वस्तू अशा : साध्या पेन्सिल सेलचा, स्क्रूच्या झाकणाचा टॉर्च, न फुटणारा आरसा आणि कंगवा, पावडरचा डबा, खिशातलं पाकीट, आत दहाच्या दोन नोटा (रिकामं पाकीट देऊ नका, तो अपमान आहे), धातूच्या बांगड्या, काचेच्या नाहीत, मोठ्या आकड्यांची दिनदर्शिका. दिनदर्शिका बहुतेकांना वाचता येत नाही, म्हणून काही जण नाक मुरडतात. माझ्या भावालाही येत नाही. मी येणार त्या तारखांवर लाल टिकल्या लावून देते, आणि तो रोज टिकलीपर्यंतची घरं बोटानं मोजतो.

कपडे घ्यायचे तर गेल्या वर्षीच्या मापावर जाऊ नका. फिटच्या आणि मानसिक आजाराच्या काही औषधांनी वजन वाढतं. टेप घेऊन जा.

५. नाव घाला

सगळ्यांचं एकत्र धुतलं जातं, एकत्र ठेवलं जातं, त्यामुळे खूण नसलेली वस्तू आठवड्यात सार्वजनिक होते. कपड्यावर दोऱ्यानं नाव काढा, डब्यावर किंवा टॉर्चवर न पुसणाऱ्या शाईनं लिहा. वाचता येत नसेल तर त्याला ओळखू येईल अशी खूण काढा : बैल, मोटार, फूल. तीही त्यालाच निवडू द्या. नंबर मात्र टाकू नका. गृहाच्या सोयीसाठी चादरींवर नंबर असतात, भेटीवर नको.

“इथं सगळं सगळ्यांचं असतं” असं कुणी म्हणालं तर मी शांतपणे कायदा काढते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६, कलम १३ : इतरांच्या बरोबरीनं मालमत्ता बाळगण्याचा हक्क, स्थावर आणि जंगमही. साठ रुपयांचं कुलूप ही जंगम मालमत्ताच आहे.

६. देणं

मंच, हार, प्रमुख पाहुणे, रांग लावून वाटप आणि फोटो यातलं काहीही नको. नरक चतुर्दशीला आंघोळी आटोपल्या की ज्याच्या त्याच्या खाटेवर जाऊन हातात द्या, नावानं हाक मारून, मोठ्या माणसाला मारतो तशी : भाऊ, अक्का, काका. कागद उघडायला वेळ लागला तर लागू द्या. जे सणाला घरी गेलेत त्यांची वस्तू त्यांच्या नावानं ठेवा, दुसऱ्याला देऊन टाकू नका. मावशींसाठी आणि रात्रपाळीच्या दादांसाठीही काहीतरी न्या.

७. दोन महिन्यांनी परत जा

आम्ही वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या आमच्याकडच्या शेतीच्या सणाला, भज्जी आणि आंबील घेऊन जातो आणि कुठली वस्तू वापरात आहे ते बघतो. झिजलेली, मळलेली, उशीखाली गेलेली वस्तू वहीत बरोबरच्या खुणेनं लिहायची. घडी न मोडलेल्या वस्तूपुढे फुली. गेल्या वेळी सात फुल्या होत्या, आणि त्यातल्या पाच मी घाईत एकदाच विचारून उरकलेल्या माणसांच्या होत्या.