ऑनलाइन भाषावर्गात विद्यार्थी टिकवायचे असतील तर

मी मुंबईतून ऑनलाइन जर्मन शिकवते. नव्याने वर्ग सुरू करणारे बहुतेक जण विचारतात, सुरुवातीला उत्साहाने आलेली मुलं पुढे का गळतात? माझ्या मते गळती थांबवायला एकच गोष्ट उपयोगी पडते: प्रत्येक तासाला प्रत्येकाने बोललं पाहिजे. स्लाइड्स, क्विझ, खेळ सगळं त्यानंतर. नुसतं ऐकत बसणाऱ्याला हळूहळू वाटायला लागतं की आपण आलो काय, न आलो काय, सारखंच. मग तो खरंच येईनासा होतो. म्हणून बॅच लहानच ठेवा, फी थोडी जास्त घ्यावी लागली तरी.

आणि बोलायचं ते त्यांच्या रोजच्या जगण्यातलं. ए-१ ला, म्हणजे जर्मनच्या अगदी पहिल्या पातळीला, आकडे आले की मी पुस्तकातलं वेळापत्रक बाजूला ठेवते आणि विचारते, सकाळची लोकल कितीची? 8.47 म्हणताना डोंबिवलीकर हमखास अडखळतो, कारण डोक्यात 'फोर्टी सेव्हन' असतं आणि जर्मनमध्ये सात आधी येतो, चाळीस नंतर: 'झीबन-उंट-फिर्त्सिश'. अशा वेळी मी म्हणते, आधी मराठीत सांग बरं. 'सत्तेचाळीस.' इथेही सात आधीच! कॅमेरा बंद असला तरी आवाजातला फरक कळतो. मग सगळे आपापल्या गाडीची वेळ सांगायला पुढे सरसावतात, हार्बरवाले, वेस्टर्नवाले, कोणी मागे राहत नाही. ए-१ च्या तोंडी परीक्षेत स्वतःची ओळख करून देताना एखादं नाव स्पेलिंगसह आणि एखादा नंबर सांगावा लागतो. त्याची तयारीही यातच होऊन जाते.

कॅमेऱ्याची सक्ती मात्र करू नका. वन-रूम-किचनमध्ये मागे आईचा स्वयंपाक चालू असतो, बाबा बातम्या बघत असतात. तिथे मुलगी कॅमेरा लावायला संकोचते, यात तिचा काय दोष? माइक चालू हवा, एवढाच माझा आग्रह. ऑफिसवाल्यांच्या रात्रीच्या बॅचला पहिली दहा मिनिटं उजळणीच घ्या. गाडी लेट झाली म्हणून कोणाचा नवा धडा बुडता कामा नये.

सगळ्यात जास्त मुलं 'अकुझाटिव'पाशी, म्हणजे कर्माच्या विभक्तीपाशी, धीर सोडतात. तो सुरू करायच्या आधीच सांगून टाका की आर्टिकल फक्त पुल्लिंगी एकवचनात बदलतं, 'डेअर'चं 'डेन' होतं. स्त्रीलिंगी 'डी' आणि नपुंसकलिंगी 'डास' आहेत तसेच राहतात. निम्मी भीती तिथेच जाते.

कोणी लागोपाठ दोन तास आलं नाही तर 'का आला नाहीस?' असं विचारू नका. जाब विचारल्यासारखं वाटतं आणि मुलं उत्तरच देत नाहीत. त्यापेक्षा काम द्या: 'गुरुवारी बाजारहाटाचा संवाद घेतोय, भाजीवाला तू हो. पाच भाज्यांची नावं आणि भाव तयार ठेव.'