पुढील हंगामाचे बियाणे उभ्या पिकातच निवडावे : माळव्यातील गहू उत्पादकांसाठी सल्ला

महाशिवरात्रीपासून रंगपंचमीपर्यंतच्या सुमारे तीन आठवड्यांत इंदूर, सांवेर, देपालपूर आणि महू परिसरातील गव्हाचा रंग हिरव्यावरून सोनेरी होतो. जात ओळखायला यापेक्षा सोयीचा काळ नाही, कारण ओंबीचा आकार, कुसळांचा रंग, झाडाची उंची आणि पक्वतेचा दिवस हे सारे याच वेळी एकत्र दिसते. तरीही आपल्यापैकी बहुतेक जण बियाण्याचा विचार मळणीनंतर, ढीग समोर आल्यावर करतात, आणि ढिगात मिसळलेला दाणा वेगळा काढणे मग कोणालाच जमत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पूसा तेजस (एचआय 8759), पूर्णा (एचआय 1544) किंवा उशिरा पेरणीसाठीची पूसा अहिल्या (एचआय 1634) या इंदूरच्या गहू संशोधन केंद्राच्या जातींमध्ये सर्व झाडांची आनुवंशिक घडण जवळजवळ सारखीच असते, कारण गव्हात स्वपरागीकरण होते, म्हणजे फुलाला त्याच फुलातले पराग मिळतात. अशा शुद्ध जातीतील एक झाड शेजारच्यापेक्षा भरदार दिसते ते मोकळी जागा, ओल किंवा खत जास्त मिळाल्यामुळे, आणि त्याचे दाणे पेरल्याने पुढची पिढी अधिक उत्पादन देत नाही. म्हणून शुद्ध जातीत निवडीचा हेतू जातीचे मूळ रूप टिकवणे एवढाच असतो. जुन्या, मिश्र झालेल्या स्थानिक गव्हात मात्र निवडीने खरोखर सुधारणा होते. 1924 ते 1931 या काळात इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेचे संचालक असलेले सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी त्याआधी बिहारमधील पुसा येथे पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड यांच्यासह देशी गव्हाच्या मिश्र पिकातून एकेक झाड निवडूनच पुसा 4 सारखा गहू सिद्ध केला होता. ज्यांच्याकडे वडिलोपार्जित कठिया (कडक दाण्याचा, ड्युरम) गहू अजून आहे, त्यांनी तो जपावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

बियाण्यासाठी शेताच्या मधला, एकसारखा वाढलेला तुकडा ठरवावा. बांधालगतच्या आणि पाण्याच्या पाटाशेजारच्या ओळी टाळाव्यात, कारण तेथे प्रत्येक झाड मोठेच दिसते आणि नजर फसते. मग त्या तुकड्यात ओळीओळीने चालत जाऊन जातीपेक्षा उंच किंवा बुटकी, लवकर किंवा उशिरा पिकणारी आणि ओंबीचा अथवा कुसळांचा रंग निराळा असलेली झाडे मुळासकट उपटून बाहेर न्यावीत. केवळ ओंबी तोडल्यास खालचा फुटवा पुन्हा ओंबी देतो, हे विसरू नये. सकाळी सूर्य पाठीशी असताना रंगातला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. प्रमाणित बियाण्याच्या शेतात परकी झाडे 0.20 टक्क्यांपर्यंतच चालतात, म्हणजे हजारात दोन. घरच्या बियाण्यासाठीही हेच माप मनात ठेवावे.

ज्यांना अधिक काटेकोर काम करायचे आहे, त्यांनी याच तुकड्यातून जातीच्या वर्णनाशी पूर्ण जुळणाऱ्या शंभर-दोनशे ओंब्या वेगवेगळ्या कापून ठेवाव्यात. पुढील रब्बीत प्रत्येक ओंबीची स्वतंत्र छोटी ओळ पेरावी. ज्या ओळीत एकही वेगळे झाड दिसेल ती पूर्ण ओळ काढून टाकावी आणि उरलेल्या ओळींचे बी एकत्र करून वाढवावे. यासाठी दोन हंगाम लागतात, पण पैदासकारांचे मूलभूत बियाणेही याच मार्गाने तयार होते.

काणी या बुरशीजन्य रोगाकडे विशेष लक्ष असावे. ज्या ओंबीत दाण्यांच्या जागी काळी भुकटी येते, तिचे बीजाणू वाऱ्याने उडून शेजारच्या फुलांत शिरतात आणि बुरशी दाण्याच्या गर्भात लपून राहते. तो दाणा बाहेरून निरोगीच दिसतो. फेब्रुवारीअखेर भुकटी उडून गेलेली असते आणि ओंबीचा नुसता दांडा उरतो, त्यामुळे असे दांडे जेथे आढळतील तेथील बी ठेवू नये. तांबेऱ्याचे तसे नाही. तो बियाण्यातून पसरत नाही, पण त्याने दाणा बारीक होतो, म्हणून तांबेरा पडलेल्या पट्ट्यातील बीही नकोच.

ट्रिटिकेलविषयी काही जण विचारतात. गहू आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखे ‘राय’ हे तृणधान्य) यांच्या संकरातून घडलेले हे पीक तांबेऱ्याला चांगला प्रतिकार करते आणि हलक्या जमिनीत हिरवा चाराही भरपूर देते. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने टीएल मालिकेतील जाती दिल्या आहेत. मात्र दाणा बऱ्याचदा सुरकुतलेला राहतो आणि आपल्या मंडीत त्याला गिऱ्हाईक नाही. दुभती जनावरे असल्यास चाऱ्यासाठी एखादा पट्टा लावून पाहावा, पण तो गव्हाच्या बियाणे-तुकड्यापासून दूर ठेवावा आणि आपल्या बाफल्याच्या (उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या) कठिया गव्हाची जागा त्याला देऊ नये.

कापणीच्या वेळी हार्वेस्टरमध्ये आधीच्या शेताचा गहू अडकलेला असतो. म्हणून बियाण्याचा तुकडा शेवटी काढावा आणि सुरुवातीची काही पोती खाण्याच्या गव्हात टाकावीत. बी 12 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून नव्या पोत्यांत, जात आणि वर्ष लिहून ठेवावे. घरचे बियाणे राखण्याचा, वापरण्याचा आणि अदलाबदल करण्याचा हक्क 2001 च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने दिलेला आहे. फक्त संरक्षित जातीचे बी छापील नाममुद्रेसह विकता येत नाही.

काणीची शंका राहिलीच, तर मे महिन्यात कडक उन्हाचा स्वच्छ दिवस पाहून बी सकाळी चार तास पाण्यात भिजवावे आणि दुपारी चार तास फरशीवर पातळ पसरून उन्हात ठेवावे. भिजल्याने जागी झालेली बुरशी उन्हाच्या तापाने मरते. त्यानंतर बी पुन्हा कडकडीत वाळवून शंभर दाण्यांची उगवण तपासावी. 85 पेक्षा कमी दाणे उगवले, तर ते बी पेरणीसाठी ठेवू नये.